हक्कसोड आणि ऋणसोड

«मावशी,

माझं वय ५४. राहायला इंदिरानगरला, माहेर शरणपूर रोडला. नऊ वर्षांपूर्वी पप्पा गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. महिना व्हायच्या आत धाकटा भाऊ म्हणाला, "उताऱ्यावर नावं लावायचीत, एक सही लागते." दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात मम्मीही बरोबर होती, तिनंही सही केली. मी कागद वाचला नाही. ते हक्कसोडपत्र होतं. दोन वर्षांनी घर बिल्डरकडे गेलं, भावाला दोन फ्लॅट आणि वर रोख रक्कम मिळाली, तेव्हा मला कळलं. विचारलं तर म्हणाला, "तुझ्या लग्नात पप्पांनी केलं की सगळं." तेव्हापासून सात वर्षं आम्ही बोलत नाही. मम्मी आता ८१ वर्षांची आहे, त्याच्याकडेच असते.

डिसेंबरात त्याची अँजिओप्लास्टी झाली. भस्म बुधवारी, म्हणजे लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या दिवशी, व्हॉट्सॲपवर त्याचा संदेश आला: "या पवित्र दिवसांत माझ्याकडून कळत-नकळत कोणी दुखावलं गेलं असेल तर क्षमा असावी." तोच संदेश माझ्या मावसबहिणीलाही आला.

पाळकसाहेब रविवारी "सत्तर वेळा सात" क्षमा करावी यावर बोलले. मिस्टर म्हणतात, देवावर सोड. मुलगी म्हणते, ब्लॉक कर. मम्मीचा हट्ट आहे की ईस्टरला आम्ही दोघांनी तिच्या दोन बाजूंना एकाच बाकावर बसावं. लेंटमध्ये मी मांसाहार सोडलाय, चहाही सोडलाय. पण प्रभूच्या प्रार्थनेत "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस" इथे आलं की माझा आवाज बंद होतो. अशा मनानं प्रभुभोजन, वेदीपाशची भाकर आणि द्राक्षारस, घेऊ का? आणि क्षमा केली म्हणजे घराचं कधी काढायचंच नाही का?

– एक बहीण, नाशिक»

ताई,

आधी चहा सुरू करा. थट्टा करत नाहीये. तीस वर्षं दोन वेळा चहा घेणाऱ्या बाईनं तो एकदम सोडला की आठवडाभर डोकं ठणकतं आणि घरातलं प्रत्येक माणूस वैरी वाटतं. तुमच्यापुढचं काम डोकं शांत ठेवून करायचं आहे. सोडायचंच असेल तर रात्री अंथरुणावर पडून भावाचे स्टेटस बघणं सोडा. पत्रात लिहिलं नाहीत, पण बघत असणार. मी बघितले असते.

आता त्या संदेशाबद्दल. त्यातल्या "असेल तर"नं तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलं असणार. मराठीत "तर" आला की वाक्य हवामानाच्या अंदाजासारखं होतं: पाऊस पडला तर छत्री घ्या. कोण दुखावलं, कशानं दुखावलं, कुणी दुखावलं, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय "कळत-नकळत". निबंधकाच्या ऑफिसात दोन साक्षीदार उभे करून, अंगठे आणि फोटो घेऊन जे होतं ते नकळत होत नाही. तेव्हा ही माफी नाही, असं तुमच्या मनानं म्हटलं तर मन खोटं बोललं नाही.

तरीही ब्लॉक करू नका. छातीत स्टेंट बसवून घरी आलेला माणूस रात्री काय विचार करत असेल, ते ज्याच्या घरात असा माणूस आहे त्यालाच कळतं. सरळ तुमचं नाव घेऊन लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं ते चाळीस जणांच्या गर्दीत लपवून पाठवलं असेल. नसेलही. दाराची कडी वाजली आहे एवढंच खरं. दार उघडायचं की नाही हे ठरवायच्या आधी कोण आहे ते विचारायला काय हरकत आहे?

आणि आवाज कुठे बंद होतो म्हणालात? "ऋण्यांस" या शब्दावर. पत्र वाचताना मी तिथेच थांबले. आपल्या मराठी प्रार्थनेत तिथे अपराध हा शब्द नाही, ऋण आहे. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मूळ ग्रीकमधला शब्दही देण्याघेण्यातलाच आहे. हजारो लोक ती ओळ झोपेतसुद्धा म्हणतील. पण तुम्ही नऊ वर्षांपूर्वी एका कागदावर सही करून खरोखरच काहीतरी "सोडलं" आहे, आणि तेही ठाऊक नसताना. तुमच्या कानाला हक्कसोड आणि ऋणसोड हे दोन शब्द एकसारखे लागतात, म्हणून घसा धरतो. तुमची श्रद्धा उणी पडलेली नाही. उलट त्या ओळीचा अर्थ मंडळीत बहुधा तुम्हालाच सगळ्यात नीट कळतोय.

पण हे दोन शब्द एक नाहीत. हक्कसोडपत्र तुमच्याकडून घेतलं गेलं. ऋण सोडायचं तर ते तुम्ही द्यायचं असतं, आणि द्यायच्या आधी ते किती आहे हे माहीत असावं लागतं. वाण्याच्या वहीतलं नाव खोडायचं तर आधी वही उघडावी लागते.

पाळकसाहेबांचा मान राखून एक सांगते. सत्तर वेळा सात हे मत्तयाच्या १८व्या अध्यायातलं, २२वं वचन. त्याच अध्यायात थोडं वर, १५व्या वचनात, येशू म्हणतो की भावानं तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि दोघेच असताना त्याला त्याचा अपराध दाखव. उपदेशात हे वचन क्वचित येतं. का, ते आपल्याला ठाऊक आहे. भांडणारी बहीण मंडळीत कुणाला नको असते, क्षमा करणारी सगळ्यांना हवी असते. आणि सत्तर वेळा सातच्या लगेच पुढे जो दाखला आहे त्याची सुरुवातच हिशेबानं होते. राजा चाकरांचा हिशेब घेऊ लागतो. एकाचं देणं निघतं दहा हजार तलांत. एक तलांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. करा गुणाकार. सुटी न घेता रोज राबला तरी दीड लाखाहून जास्त वर्षं लागतील. राजा ते सोडून देतो. मग हाच चाकर शंभर दीनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो.

ते शंभर दीनार किरकोळ होते, असं मी लहानपणापासून ऐकत आले. किरकोळ कसले? शंभर दिवसांची मजुरी! आजही नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या माणसाचे तीन-साडेतीन महिन्यांचे पैसे बुडवून बघा. दाखल्यात कुणीही म्हणत नाही की ते देणं नव्हतंच. देणं होतं, खरं होतं, आकड्यासकट होतं. ते सोडायचं होतं. तुमच्या घरातले सगळे मात्र तुम्हाला सांगताहेत की देणं नव्हतंच. "लग्नात केलं की सगळं" याचा दुसरा अर्थ काय होतो?

तर आकडा. पप्पांनी स्वतः मिळवलेलं घर, मृत्युपत्र नाही, कुटुंब ख्रिस्ती. म्हणजे १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. विधवेला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. तुम्ही दोघंच भावंडं असाल तर तिघांना एक-एक तृतीयांश. लग्नात झालेला खर्च या वाट्यातून वजा होत नाही. दस्त रद्द करायला कोर्टात जाण्याची मुदत साधारण तीन वर्षांची, खरी गोष्ट कळल्यापासून मोजलेली. तुम्हाला कळून सात वर्षं झाली, म्हणजे तो रस्ता बहुधा बंद आहे. तरी एकदा कागद घेऊन वकिलाकडे जा. खटल्यासाठी नाही. आपण काय सोडतोय ते सोडणाऱ्याला ठाऊक असावं, म्हणून. एका कागदावर पेन्सिलीनं तो आकडा लिहा. नऊ वर्षांत तुम्ही तो मनात शंभर वेळा केला असेल, कागदावर एकदाही नाही.

इथे माझीच एक गोष्ट सांगते, म्हणजे मावशी फार शहाणी आहे असं वाटायला नको. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पाटल्या थोरल्या जाऊबाईंनी परस्पर ठेवून घेतल्या. पुढे त्या दवाखान्यात होत्या, सगळे नातेवाईक जमले होते, कुणीतरी म्हणालं "आता मनात काही ठेवू नका," आणि मी भरल्या डोळ्यांनी म्हणून टाकलं, "मी कधीच माफ केलंय." सगळ्यांना बरं वाटलं. जाऊबाई बऱ्या होऊन घरी आल्या आणि पुढची अकरा वर्षं त्यांच्या घरचा चहा मला पाणचट लागला. साखर कमी, पावडर कमी, मन लहान. अकरा वर्षं! शेवटी एका लग्नाच्या पंगतीत, पुरणपोळीवरच्या तुपावरून, माझ्या तोंडून पाटल्या बाहेर पडल्या. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही विसरलात." पाटल्या परत आल्या नाहीत, केव्हाच मोडून झाल्या होत्या. पण त्यांनी "माझं चुकलं" म्हटलं, त्यात "तर" नव्हता. त्यानंतरचा चहा चांगला लागला. पावडर तेवढीच होती, मी बघितलं.

म्हणून घाईच्या क्षमेला मी भिते. आपल्याकडच्या रहाडी, जमिनीतले ते रंगाचे हौद, आठवतात का? वर्षभर झाकलेल्या. वरून माणसं जातात, गाड्या जातात, खाली काय आहे याचा पत्ता नसतो. रंगपंचमीला उघडली की पुन्हा सगळा रंग वर. मी अकरा वर्षं अशी झाकलेली होते.

शास्त्रात वारसाच्या भांडणाची सगळ्यात मोठी गोष्ट दोन भावांचीच आहे, आणि लेंटमध्ये ती फारशी वाचली जात नाही याचं मला वाईट वाटतं. याकोबानं आंधळ्या बापाला फसवून एसावाचा आशीर्वाद लुबाडला. त्यात आईचा हात होता, हे लक्षात ठेवा, त्याकडे परत येणार आहे. वीस वर्षं परमुलखात काढून तो परतला, तेव्हा भावाला सामोरं जाण्याआधी त्यानं पुढे काय पाठवलं? शेळ्यामेंढ्या, उंट, गायी, गाढवं. उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात यादीच आहे. पिल्लं सोडून बेरीज केली तर ५५० जनावरं होतात. एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघं रडले. एसाव म्हणाला, भाऊ, माझ्याकडे पुष्कळ आहे, तुझं तुला राहू दे. त्यावर याकोब म्हणतो, घेच. आणि भेटीसाठी तो जो हिब्रू शब्द वापरतो तो आशीर्वादाचाच शब्द आहे. जे चोरलं होतं त्याचंच नाव घेऊन तो ते परत करतो. एसाव घेतो.

इथे उपदेशक थांबतात. गोष्ट थांबत नाही. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तू हो पुढे, मुलं लहान आहेत, मी सावकाश तुझ्या सेईरला येतो. आणि तो सेईरला जातच नाही, सुक्कोथला जाऊन घर बांधतो. दोघं पुन्हा एकत्र दिसतात ते बापाला मूठमाती देताना. समेट खरा होता, अश्रू खरे होते, आणि तरी दोघांनी आपापली बिऱ्हाडं वेगळी ठेवली. तुम्हाला कुणी सांगितलं असेल की समेट झाला म्हणजे दर रविवारी त्याच्याकडे जेवायला जायलाच हवं, तर त्यांना हा भाग दाखवा.

लक्ष्मीबाई टिळक आपल्या जवळच्या, जलालपूरच्या. प्रकरण पूर्ण वेगळं, तिथे चोरी नव्हती. १८९५ साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. काही वर्षांनी त्या परत गेल्या, पण गेल्या त्याच दिवशी सगळं पत्करलं नाही. आपले सोवळ्याओवळ्याचे नेम पाळत राहिल्या. स्वतःचं मन वळलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. जवळ येतानाही पायरी पायरीनं येता येतं, एवढ्यासाठी त्यांची आठवण काढली.

आता आईंचं. तुम्ही लिहिलंत, "मम्मीही बरोबर होती, तिनंही सही केली." आणि पुढे त्यावर एक अक्षर नाही. भावावर पानभर, आईवर एक ओळ. ताई, त्या ऑफिसात तुमच्या शेजारी बसलेल्या बाईला तो कागद कसला आहे हे ठाऊक होतं का? हा प्रश्न तुम्ही स्वतःलाही विचारलेला नाही असं मला वाटतं. मी चूक असेन. पण "ऋण्यांस" हे अनेकवचन आहे, आणि तुमचा आवाज बंद होतो तो कदाचित दोन माणसांसाठी. ८१ वर्षांच्या आईकडे हिशेब मागायला मी सांगणार नाही. तिनंही स्वतःचा एक तृतीयांश सोडला आहे, आणि ज्याच्यासाठी सोडला त्याच्या घरात ती दोन घास खाते. तिचा नाइलाज होता का, भीती होती का, "मुलगाच सांभाळणार" हा आपल्याकडचा जुना हिशेब होता का, ते तिलाच ठाऊक. पण तिचं ऋण सोडायचं असेल तर ते आहे, हे मनाशी तरी मान्य करा. दोघांना दोन बाजूंना बसवायचा तिचा हट्ट एवढा का, तेही त्यातून कदाचित उलगडेल.

काय करायचं ते आता. भावाला एका ओळीचं उत्तर लिहा: "तुझा निरोप मिळाला. भेटून बोलू." क्षमेचं चिन्ह नको, हात जोडलेले नकोत, वचन नको. त्याच्या घरी जाऊ नका, तिथल्या भिंती बघून तुम्ही बोलणार नाही. तुमच्याकडे बोलावू नका, मुलगी दाराआडून ऐकेल आणि मध्येच बाहेर येईल. चर्चमध्ये तर मुळीच नको. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलंच असेल. गोल्फ क्लबच्या मैदानावर सकाळी भेटा. चालताना एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि अवघड गोष्टी बोलायला ते फार सोयीचं असतं. छातीत दुखलं तर थांबायचं, एवढं त्याला आधीच सांगा. तुम्ही त्याची मोठी बहीण आहात, हे त्यालाही ऐकायला हवंय.

बोलायचं ते थोडक्यात. "त्या दिवशी तू मला उताऱ्यासाठी सही म्हणालास. ते हक्कसोडपत्र होतं. माझा वाटा एवढा होता." आणि आकडा. मग गप्प राहायचं. हे सगळ्यात कठीण आहे. आपण बायका तिथे लगेच "जाऊ दे रे, मला पैसे नकोत" म्हणून मोकळ्या होतो आणि समोरच्याचं वाक्य आपणच गिळतो. त्याला बोलू द्या. तो "तर" लावून बोलला तर शांतपणे सांगा, "तर नको."

तो कबूल झाला आणि काही देऊ केलं, तर एसावासारखं एकदा नको म्हणा हवं तर, पण दिलं तर घ्या. क्षमा केली म्हणून परतफेड नाकारलीच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या मंडळीत जी अँग्लिकन परंपरा आली, तिच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनाला बोलावताना जे सांगितलं आहे ते तर त्याच्यासाठीच आहे: ज्यानं दुसऱ्याचं नुकसान केलं असेल त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे भरपाई करायला तयार होऊन मगच यावं. वेदीवर अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे वचनही नीट वाचा. तिथे भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर, असं आहे. मग तिथून उठून जायचं कुणी? प्रभुभोजन घ्यावं का हा प्रश्न सात वर्षं तुम्ही विचारताय. त्यानं तो कधी विचारला का, कोण जाणे. तुम्ही घ्या. आवाज बंद झाला तर होऊ दे, शेजारचे म्हणतील तेवढी ओळ.

तो कबूल झाला नाही तर? पुन्हा तेच "लग्नात केलं की" आलं तर? मग समेट या वर्षी नाही. समेटाला दोघं लागतात. ऋण सोडायला तुम्ही एकट्या पुरता. घरी येऊन तो पेन्सिलीचा कागद बघा. फाडावासा वाटला तर फाडा. नाही वाटला तर बायबलमध्ये ठेवा, पुढच्या लेंटला बघू. उपवासाचे दिवस चाळीस म्हणतात, पण त्यात रविवार धरत नाहीत. कॅलेंडरवर ते ४६ भरतात. त्यातले बरेच अजून शिल्लक आहेत, आणि नाही पुरले तरी कुणी घंटा वाजवणार नाही.

मिस्टरांना सांगा, देवावर सोडलंय, पण देवाला आकडा कळवून. मुलीला मात्र काही समजावत बसू नका. तिला फक्त हे सांगा की कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, अगदी माझ्या सांगण्यावरूनही नाही.

आईंना या भेटीबद्दल आधी बोलू नका. ईस्टरला तिघं एका बाकावर बसलात तर बसलात. नाहीतर तुम्ही आईंच्या एका बाजूला बसा, दुसऱ्या बाजूला त्यांची पिशवी आणि गीतांचं पुस्तक ठेवा, तेवढी जागा राहू द्या.

आणि मैदानावर जाताना पायात बूट घाला, चपला नकोत. दोन फेऱ्यांत संपेल असं मला वाटत नाही.

– तुमची मावशी